झेलणारा माणूस

प्रार्थनेने आजार बरे करायच्या चंगाई सभेत प्रचारक कपाळावर हात ठेवतो, त्याआधीच भाविकाच्या मागे झेलायला एक माणूस येऊन उभा राहतो. पवित्र आत्मा केव्हा येईल हे कोणीच सांगू शकत नाही, असे आम्हांस शिकवलेले. याला मात्र ते आधीच ठाऊक असते.

मंडळीतले लोक म्हणतात, आत्म्याने पाडले. साफ खोटे! माझ्या कपाळाला लागला तो तळव्याचा रेटा होता, आणि मी हललो नाही. गुडघ्यांमुळे काठी टेकत आलेली पत्नी मात्र पडली, आणि उठली ती काठी तिथेच टाकून.

आज भिंत धरून चालताना ती म्हणाली, "अहो, तुम्ही खांबासारखे उभे राहिलात. तुमच्या अविश्वासापायी माझे गुडघे बरे व्हायचे अडलेत."

हे वाक्य तिचे नव्हे, त्या प्रचारकाचे.

मी खांदा पुढे केला. तिने भिंत सोडली नाही.