टिपणिसांच्या घरचं धुणं

दिनकरराव टिपणिसांनी उभ्या जन्मात स्वतःचा हातरुमालसुद्धा धुतला नव्हता. याची लाज वाटायची सोडाच, मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत खालच्या बाकावर बसून ते हे छाती फुगवून सांगत. "भई, धुण्याचं डिपार्टमेंट आमच्या मिसेसकडे. मी फक्त फायली निपटवल्या." केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, त्याला घरातसुद्धा डिपार्टमेंटं दिसायचीच.

आणि पद्मजाबाईंचं डिपार्टमेंट म्हणजे काय विचारता! सरकारी क्वार्टरमध्ये होत्या तेव्हापासून त्यांच्या पलंगावर पांढरीशुभ्र चादर. दिल्लीच्या धुळीत पांढरी चादर! बाहेरच्या कपड्यांनी कुणी पलंगावर बूड टेकवलं, तर पाहुणा दाराबाहेर पडायच्या आत चादर निघालीच म्हणून समजा. दोन नणंदा याच कारणावरून रुसल्या होत्या. बाईंना त्याचं सुतराम दुःख नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात बाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. बोलणं संथ झालं, पण डोकं आणि जिभेची धार दोन्ही शाबूत. गेलं ते आणखी एक, आणि तेच बाईंच्या जिवाला लागलं: लघवीवरचा ताबा. डायपर लावून पाहिले. अंगभर पुरळ उठलं. मग पलंगावर मेणकापड, त्यावर टॉवेल, त्यावर चादर, आणि सगळं रोज धुवायचं. सकाळी अंघोळ घालायला एक बाई यायची. पण त्या चादरींना तिने हात लावायचा नाही, हा पद्मजाबाईंचा हुकूम.

"बाहेरच्या माणसाने माझं हे उपसायचं नाही," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा मला तशीच ठेवा."

"मी आहे ना," दिनकरराव म्हणाले, आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थाने बाह्या सरसावल्या. बिचाऱ्याला साबण मशीनच्या कुठल्या भोकात घालतात तेही ठाऊक नव्हतं. पण शिकला. माणूस प्रेमापोटी काय काय शिकतो!

आता शहाणपणा कुठे आडवा येईल सांगता येत नाही. टॉवेल भरपूर लागतात, म्हणून दिनकररावांनी ओळखीच्या एकाबरोबर पानिपत गाठलं आणि तिथून जाडजूड सुती टॉवेलांचा गठ्ठाच आणला. टॉवेल एक नंबर. पण नवा सुती टॉवेल म्हणजे धुताना तंतूंचा नुसता पाऊस. तो सगळा जाऊन बसतो मशीनच्या पायाशी असलेल्या जाळीत, म्हणजे लिंट फिल्टरमध्ये. ती जाळी दर दोन-चार दिवसांनी काढून साफ करावी लागते, आणि ती काढायला जमिनीवर पालथं पडावं लागतं. दिनकररावांचे गुडघे तसे आधीच संपावर. ते "उद्या करू, परवा करू" म्हणत राहिले. सरकारी सवय, दुसरं काय! एका सकाळी मशीनने घर्रर्र केलं, जळका वास आला आणि पंप बसला. मेकॅनिकने आतून करड्या सुताचा बोळा ओढून काढला आणि मान हलवली, "अंकलजी, ये तो गई." पानिपतच्या टॉवेलांनी मशीनचं पानिपत केलं.

तेव्हापासून दिनकरराव मोरीत स्टुलावर बसून बादलीत चादरी घोळू लागले. उन्हाळा सुरू झालेला, नळाला पाणी सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ, तेही करंगळीएवढं. कधी टँकर यायचा, कधी नाही. पलंगावरून मोरीचं दार थेट दिसायचं. पद्मजाबाई पडल्या पडल्या बघायच्या: नवरा वाकतो आहे, पिळतो आहे, कमरेवर हात ठेवून उठतो आहे.

मग पद्मजाबाईंना ताप येऊ लागला. आला, गेला, पुन्हा आला. ओठ सुकलेले, जीभ कोरडी. डॉक्टर घरी आले, तपासण्या झाल्या. "इन्फेक्शन है," ते म्हणाले. "माताजी पानी बहुत कम पी रही हैं. ऐसे ही चला तो किडनी पर आएगा. पानी पिलाइए."

"पानी?" दिनकरराव उखडले. "मी स्वतः भरून ठेवतो हो! ग्लास रिकामा झालेला मी डोळ्यांनी बघतो!"

ग्लास रिकामा व्हायचा, हे खरंच. खिडकीत पलंगाला लागून एक मनीप्लांट होता. साऱ्या सोसायटीच्या कुंड्या मे महिन्यात माना टाकून बसल्या होत्या आणि हा एकटा पठ्ठ्या गजांवर चढून पडद्याच्या दांडीला लटकला होता. दिनकरराव आल्या-गेल्याला कौतुकाने दाखवत. डॉक्टर गेले त्या दुपारी ते औषध घेऊन खोलीत आले, तर पद्मजाबाई डाव्या हाताने ग्लास धरून सगळं पाणी कुंडीत ओतत होत्या.

दिनकररावांनी औषध खाली ठेवलं.

"अगं पद्मा, हे काय? कशासाठी?"

"प्यायले की चादर भिजते," बाई सावकाश म्हणाल्या. "भिजली की तुम्ही धुता. तुमची ती कंबर... मला बघवत नाही हो." आणि त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात दिनकररावांनी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

ते समजावून थकले, रागावून थकले, हात जोडून थकले. बाई हो म्हणायच्या आणि ओठ ओले करून ग्लास खाली ठेवायच्या. बेंगळुरूहून मुलाचा, परीक्षितचा फोन आला. तो वाईट नव्हता, घाबरला होता. "बाबा, नोएडात चांगलं केअर सेंटर आहे. नर्स असते, लाँड्री असते. या महिन्यात ताप पुन्हा आला तर आईला तिथे ठेवू या. प्लीज."

तिथे पद्मजाबाईंच्या चादरी कोण कोण उपसणार, हे दिनकररावांच्या मनात आलं. पद्मजा तिथे पाणी पिणं सोडाच, अन्नसुद्धा टाकेल. बायकोला घोटभर पाणी पाजता येत नाही, मग आपण काय कामाचे, असं त्यांना झालं.

वरच्या मजल्यावर स्वरूपा राहायची. तिशीतली, दिल्लीतच वाढलेली, फरीदाबादला वॉशिंग मशीनचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर. मराठी बोलायची, पण अर्धे शब्द हिंदीच्या गावाला गेलेले. एका रविवारी ती खाली आली.

"काका, राग नका मानू हां. तुमच्या बाल्कनीत रोज इतके टॉवेल असतात. हाताने धुता?"

दिनकरराव एरवी "तुला काय करायचंय" म्हणाले असते. त्या दिवशी त्यांच्याच्याने राहवलं नाही. दारातच सगळं सांगून टाकलं, मनीप्लांटसकट.

स्वरूपाचे डोळे भरले. मग ती एकदम कामाचं बोलू लागली. "काका, आम्ही एक नवीन मशीन बनवतोय. ते टबमधलं पाणी खालून खेचतं आणि वरून पुन्हा कपड्यांवर मारतं. फिरवून फिरवून. म्हणून पाणी खूप कमी लागतं. आणि त्याचा फिल्टर स्वतःच साफ होतो, बिल्कुल उघडायचा नाही. आम्हाला ट्रायलसाठी असं घर पाहिजे जिथे रोज सुती कपडे धुतात. तुमच्यापेक्षा चांगलं घर कुठे मिळणार?"

मशीन आलं, मोरीत बसवलं. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. स्वरूपाचं बोलणं पद्मजाबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तेच पाणी पुन्हा? माझ्या चादरीतून निघालेलं?" त्यांनी विचारलं. "उष्ट्या पाण्यात धुतलेली चादर मी अंगाखाली घेणार नाही. देवघरातली वस्त्रं तर लांबच राहिली."

"अगं, बादलीत मी तरी काय करतो? तेच पाणी खालीवर!"

"तुम्ही डोळ्यांनी बघून घाण काढता. ते मशीन काय बघतंय?"

दिनकरराव चडफडले, "तुझ्या सोवळ्याने तुझा जीव जाईल!" असं ओरडले, आणि लगेच वाईट वाटून गच्चीवर जाऊन बसले. खरं सांगायचं तर त्यांचा स्वतःचाही त्या फिल्टरवर विश्वास नव्हता. दुधाने तोंड पोळलेला माणूस तो. शिवाय स्वतःचं काम स्वतः करणारी वस्तू त्यांनी सबंध नोकरीत पाहिली नव्हती.

म्हणून पहिल्यांदा त्यांनी नुसते टॉवेल आणि आपले पायजमे धुतले. धुणं झाल्यावर, नको सांगितलेलं असताना, स्क्रू काढून जाळी बाहेर घेतली. जाळी लख्ख! एक तंतू नाही. झालं, त्यांचं टाळकं फिरलं. कारखान्यात फोन.

"स्वरूपा, तुझा फिल्टर फेल आहे. पानिपतचे टॉवेल घातले होते, आणि जाळीत काहीही अडकलेलं नाही!"

पलीकडे पोरगी खदखदून हसली. "काका, हेच तर पाहिजे! धुताना अडकतं. पण मशीन पाणी बाहेर सोडतं ना, तेव्हा ते पाणी जाळीवरून जोरात घासत जातं आणि सगळं घेऊन मोरीत. मग शेवटी ताजं पाणी येतं, नळाचं, आणि त्यात कपडे निघतात."

"मोरीत गेलं हे कशावरून?"

"अब मैं क्या बोलूँ काका, तुम्हीच बघा ना!"

फोन ठेवल्यावर दिनकरराव विचारात पडले. बघा म्हणे. पण बघायचं होतं ते त्यांनी नाही, बघायचं होतं ते पलंगावरच्या मालकिणीने. आणि तिचा विश्वास कशावर, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? जी बाई जन्मभर चक्का फडक्यात बांधत आली, लिंबाचं सरबत गाळत आली, तिचा विश्वास फडक्यावर! त्यांनी जुन्या पंच्याचा एक चौकोन फाडला आणि मशीनच्या बाहेर सोडलेल्या पाइपच्या तोंडाला सुतळीने बांधला. मग रात्रीची चादर आणि टॉवेल मशीनमध्ये टाकले आणि पद्मजाबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून मोरीच्या दारात आणलं.

"हे काय नाटक?" बाई म्हणाल्या.

"बस गप्प. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

काचेतून पाणी वरून कपड्यांवर पडताना दिसत होतं. बाई नाक मुरडून बघत होत्या. मग मशीन थांबलं, गुरगुरलं आणि पाइपमधून भसकन पाणी सुटलं. फडकं फुगलं, सुतळी ताणली, दिनकररावांच्या पायजम्यावर गढूळ शिंतोडे उडाले. पुढचं पाणी कमी गढूळ. शेवटचं पाणी नितळ. सगळं संपल्यावर त्यांनी फडकं सोडून बाईंच्या मांडीवरच्या ताटलीत उलटं केलं. करडा, ओला, मुठीएवढा बोळा.

पद्मजाबाईंनी डाव्या हाताच्या बोटांनी तो चाचपला. "शी!" म्हणाल्या. पण चेहरा उजळला होता. जाळी मागितली, उजेडाकडे धरून बघितली. मग म्हणाल्या, "चादर द्या."

दिनकररावांनी चादर दिली. बाईंनी ती नाकाशी धरली. कितीतरी वेळ धरली.

"माझ्या हातची निघायची तशी निघाली आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातची कधीच निघाली नाही. साबण राहायचा. सांगितलं नाही मी."

"नशीब माझं!" दिनकरराव म्हणाले, आणि दोघं हसली. त्या घरात हिवाळ्यानंतर पहिल्यांदा हसू आलं. मग बाई म्हणाल्या, "तुम्हाला आता वाकायचं नाही ना? जाळीसाठी पालथं पडायचं नाही ना?"

"बटण दाबायचं. बस."

संध्याकाळी स्वरूपा आली, तर दिनकररावांना तिचे आभार मानता येईनात. फायलीवर "नोंद घेतली" असं लिहिण्यापलीकडे त्यांनी कुणाचं कधी कौतुक केलेलं नव्हतं. चष्मा पुसला, आणि शेवटी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तुझ्या हातांना यश येवो. तू आमचं घर राखलंस." ती लाजून म्हणाली, "काका, अजून लाँग ट्रायल बाकी आहे, मशीन इथेच राहील," आणि पळाली. पद्मजाबाई आतून हाक मारून म्हणाल्या, उद्या जेवायला ये.

त्या रात्री बाईंनी काही मागितलं नाही आणि दिनकररावांनी विचारायचं धाडस केलं नाही. नुसता ग्लास भरून ठेवला, तांब्या शेजारी ठेवला आणि देवाचं नाव घेत ते झोपले.

सकाळी त्यांना हाक आली. दबलेली नाही, लाजलेली नाही. पूर्वी क्वार्टरच्या अंगणातून यायची तशी खणखणीत. "अहो, उठा! चादर बदलायची आहे. टॉवेलसुद्धा."

दिनकरराव धावत गेले. ग्लास रिकामा होता, तांब्याही रिकामा होता, कुंडीतली माती कोरडी ठणठणीत होती. चादर मात्र चांगली ओलीचिंब झाली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी गोळा केली, छातीशी धरली आणि तसेच उभे राहिले.

"अहो, पायजमा भिजतोय," पद्मजाबाई म्हणाल्या.

"भिजू दे," ते म्हणाले.