बाबांनी बुडवलेली जहाजं

माझ्या संग्रहातलं पहिलं जहाज बाबांनी चहा पिता पिता बुडवलं.

ते नाणं मी मुंबईतल्या एका नाणेप्रदर्शनातून आणलं होतं. आपल्याच पूर्व किनाऱ्यावरचं, तांब्याचं, मध्ययुगाच्या अगदी उंबरठ्यावरचं. नखाएवढं आणि झिजलेलं, पण भिंगाखाली धरलं की त्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज दिसायचं. सातिवलीच्या एका कारखान्यात हिशेब लिहीत असले तरी मी कोळ्याची पोर, होडी दिसली की माझे पाय थांबतात. राजांची तोंडं, सिंह, फुलं असलेली नाणी तिथंच सोडून मी हे उचललं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून पाचूबंदरला माहेरी गेले आणि मोठ्या ऐटीत बाबांच्या हातावर ठेवलं.

बाबा जन्मभर तांडेल होते, होडी त्यांच्या शब्दावर चालायची. गुडघे गेल्यापासून होडी भाऊ चालवतो आणि बाबा पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चुका काढतात. त्यांनी ते नाणं अंगठ्यानं खसाखसा चोळलं. "कडेनं धरा, घामानं खराब होतं," मी म्हटलं, पण ऐकतील तर ते बाबा कसले. भिंगातून पाहून म्हणाले, "काठ्या दोन न दोर एक बी नाय. ही बुडनार." नाणं मला परत दिलं आणि बिस्किट चहात घातलं.

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लागलं. दहावीचा निकाल असो, नोकरी असो, माणिकपूरला घेतलेलं घर असो, बाबा "बरं" म्हणून गप्प बसायचे. ते भरभरून बोलायचे फक्त होडीबद्दल, आणि ते बोलणं सगळं भावाच्या वाट्याला जायचं, कारण आमच्याकडे मुली होडीवर जात नसत. लहानपणी मी दाराआडून ते बोलणं ऐकायची. आता माझ्याकडे स्वतःची होडी होती, भले ती नखाएवढी का असेना, आणि तीही त्यांनी बुडवली. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, जगाच्या पाठीवरचं कुठलंही जहाज शोधीन, पण बाबांच्या तोंडून "तरनार" वदवून घेतल्याशिवाय राहणार नाही.

तेव्हापासून मी मध्ययुगातली फक्त जहाजवाली नाणी जमवते. नाण्यांचे विक्रेते मला ओळखायला लागले. मी फोन केला की पलीकडून आधीच उत्तर यायचं, "ताई, जहाज नाही आलं अजून."

दुसरं आलं ते जर्मनीतलं. खरं तर नाणं नव्हेच, व्यापाऱ्यांनी हिशेब मांडायला वापरलेली पितळी चकती, म्हणून मला जास्तच आवडली. तिच्यावर लाटा होत्या, डोलकाठी होती आणि जहाजाहून मोठे झेंडे होते. बाबांनी भिंग खालीसुद्धा ठेवलं नाही. "लग्नाची होडी हाय का ही? वारा शिडात भरायचा की झेंड्यात? बुडनार."

मग मात्र मी हट्टाला पेटले. मुंबईच्या लिलावात इंग्लंडचं एक सोन्याचं नाणं निघालं, त्यासाठी हातातल्या दोन बांगड्या मोडल्या. काय नाणं होतं ते. जहाजात मधोमध राजा उभा, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल. या वेळी बाबा हरणार याची मला खात्री होती. बाबा पाहत राहिले आणि मग खोकला लागेपर्यंत हसले. "याला पयला खाली उतरवा. मानूस होडीपेक्षा मोठा. पाय हलवला की उलटी झालीच." आतून आई बाहेर आली आणि म्हणाली, "बांगड्या गेल्या त्या गेल्या, वर राजा बी बुडवला."

मी हरत होते, पण रविवारची वाट बघायला लागले होते. बाबांशी भांडायचं तर होडीतलं काही कळायला हवं, म्हणून मी विचारू लागले. दोर नसेल तर काठी कुठल्या बाजूला पडते, सुकाणू फिरवूनही होडी वळली नाही तर काय करायचं, असलं सगळं. आणि बाबा सांगायचे. हात हवेत फिरवून, चहा गार होईपर्यंत सांगायचे.

गेल्या वर्षी मला जर्मनीच्या उत्तरेकडच्या थंड समुद्राकाठच्या एका बंदराचं चांदीचं नाणं मिळालं. कागदासारखं पातळ, एका बाजूला कड तुटलेली, म्हणूनच मला परवडलं. त्यावर एक साधी होडी, आणि डोलकाठीच्या टोकाला क्रूस. आमच्या होड्यांवरही क्रूस, बाबांच्या बोलीत खुरीस, असतो. आता बाबा सापडले, असं वाटून मी बसमध्येच भाषण तयार केलं. पडवीत बसून ते पूर्ण म्हणून दाखवलं.

"खुरीस लावून होडी तरत नाय, पोरी," बाबा म्हणाले. "दोर लागतो."

माझं तोंड उतरलं. पण बाबांनी नाणं परत दिलं नाही. खुर्ची उजेडाकडे वळवून घेतली आणि बराच वेळ भिंगातून पाहत राहिले.

"काठीला दोर पुढं बी हाय, मागं बी हाय. सुकान्याचं वल्हं बाजूला, जिथं पायजे तिथं. ज्यानं काढली त्यानं होडी बघितली हाय." मग भिंग पुन्हा डोळ्याशी नेऊन म्हणाले, "यात मानूस कोन नाय?"

"नाही," मी घाबरत म्हटलं. आता याच्यावरून बुडवतात की काय.

"बरं झालं. राजा नाय, झेंडे नाय. ही तरनार."

मी त्यांना परत म्हणायला लावलं. ते परत म्हणाले, आणि नाणं आठवडाभर आपल्याकडे ठेवून घेतलं. माणिकपूरपर्यंत मी एकटीच हसत आले. बसमधली शेजारची बाई माझ्याकडे बघत होती, बघू दे म्हटलं.

पुढच्या रविवारी गेले तर पडवी रिकामी. "बंदरावर गेलेत," आई म्हणाली, "काठी टेकत टेकत. माझी कानातल्यांची डबी बी घेऊन गेलेत." मी तशीच बंदरावर गेले. जाळ्यांच्या ढिगाशी जुनी मंडळी बसली होती आणि मधोमध बाबा, आईच्या डबीत कापसावर माझं नाणं. त्यांचा एक जुना सोबती ते उचलून, डोळे बारीक करून म्हणाला, "ही काय तरत नाय. बुडनार." बाबा असे उसळले की मला वाटलं उठून उभेच राहतात. पुढचा दोर दाखवला, मागचा दाखवला, सुकाणू दाखवलं. सोबती नीट दिसावं म्हणून नाण्यावर अंगठा घासायला लागला, तसा बाबांनी त्याचा हात धरला.

"कडेनं धर. घामानं खराब होतं. माझ्या पोरीची होडी हाय ती."

मी पुढे गेलेच नाही. मागे उभी राहिले, ते आणखी एखाद्याला तसं बजावतात का, याची वाट बघत.