हळू हाताला मधला गोळा

माझा उजवा हात लहानपणापासून हळू. नळावरून पाणी आणताना जिन्यात पडले आणि कोपर मोडलं. हाडवैद्याने ते बसवलं, पण वाकडंच. तेव्हापासून काही फेकायला गेले की हात अर्ध्यात अडखळायचा. लगोरीत मला कुणी घेत नसे. म्हणायचे, हिने टाकलेला चेंडू येईपर्यंत आपण चहा पिऊन येऊ.

आमची चाळ डिलाईल रोडला. बाबा माझगावच्या गोदीत कामाला होते. तिथे खलाशांचा एक जुना क्लब होता, गोरे गेल्यावर तो मोडला. टेबलं-खुर्च्या लोकांनी उचलून नेल्या. उरले ते तीन लाकडी गोळे, ते कुणालाच नको होते. साहेब लोक म्हणे ते जमिनीवरून सोडून लाकडाच्या बाहुल्या पाडायचे. बाबांनी ते गोणत्यात घालून घरी आणले. आईने कपाळावर हात मारला. म्हणाली, "घरात माणसं झोपायला जागा नाही, आणि हे काय आणलंत, तोफेचे गोळे?"

लाकूड कसलं होतं देव जाणे, लोखंडासारखं जड आणि काळंभोर. एक मोठा कलिंगडाएवढा, एक मधला, आणि एक लहान, सोललेल्या नारळाएवढा. दादा, माझा मोठा भाऊ, गिरणीत होता. तो जळणाला म्हणून सूत गुंडाळायच्या मोडक्या लाकडी बॉबिनी आणायचा. त्या उभ्या राहतात. गॅलरीच्या टोकाला त्या त्रिकोणात मांडायच्या आणि दुसऱ्या टोकाकडून गोळा सोडायचा, हा आमच्या मजल्याचा रविवारचा खेळ झाला.

मी पहिल्यांदा लहान गोळा घेतला. हात अधू, मग हलका बरा, असं मला वाटलं. तो निघाला झोकात, पण बॉबिनींना लागून मांजरासारखा बाजूला पळाला. पडली एखादीच. मोठा घेतला तर खांद्यातून कळ आली आणि गोळा माझ्याच पायाशी आपटला. दादा भिंतीला टेकून बघत होता.

"मधला घे," तो म्हणाला.

"माझा हात हळू आहे रे."

"म्हणूनच म्हणतो. लहान गोळ्याला जोर हातातून लागतो, तो तुझ्याकडे नाही. मोठा तुझा खांदा उपटतो. मधल्याला नुसता झोका दे, पाळण्याला देतात तसा. कोपर वाकवूच नको."

झोका दिला. गोळा सावकाश निघाला आणि वाटेत कठड्याकडे वळून पन्हळीत गेला. सगळे हसले. आमच्या गॅलरीला बाहेरच्या बाजूला उतार होता, धुण्याचं पाणी जावं म्हणून. जोरात सोडलेल्या गोळ्याला वळायला वेळच मिळत नाही. माझा रमतगमत जाणार, त्याला उतार ओढणारच. दादा म्हणाला, "मग भिंतीला घासून सोड. बाकीचं लादी करील." तसा सोडला. भिंतीकडून निघाला, हळूहळू मधोमध आला आणि सगळा त्रिकोण झोपवला. शेजारची मालवणी काकी दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "बघलास? चेडू हळू, पण गोळो बरोबर घराक पोचलो." तिच्या बोलीत चेडू म्हणजे पोरगी.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले आणि बॉबिनी चुलीत गेल्या. मोर्चे, दगड, अश्रुधूर. कांदा खायला नाही, डोळ्यांना लावायला जपून ठेवायचा. नाक्यावर गोळीबार झाला तेव्हा आमच्या समोरच्या दुकानाच्या फळीवर एक माणूस बसल्यासारखा मेला होता. मला वाटलं दमून बसलाय. जवळ गेले तर पाठ नव्हती. हे लिहावं की नाही असं वाटलं, पण पाहिलं ते पाहिलं.

त्याच गोळीबारात दादाच्या मांडीत गोळी शिरली. मित्रांनी त्याला उचलून घरी आणलं. इस्पितळात न्यावं तर पोलीस तिथूनच पोरं उचलून नेत होते. चौकीत काय करतात ते आम्ही पाहिलं होतं. पलीकडच्या खोलीतला एक जण परत आला, त्याच्या दोन्ही हातांची बोटं चेचलेली. म्हणून दादाला घरीच ठेवला. गादी रक्ताने कडक झाली होती, आई ती रात्रभर फडक्याने पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खालून ओरडा आला, पोलीस शिरले. जिना गॅलरीच्या त्या टोकाला, आमची खोली या टोकाला. आमच्या दाराजवळून मागचा लोखंडी जिना उतरत होता, झाडूवाल्यांचा, गोल गोल. बाबा आणि शेजारचे काका दादाला चादरीत घालून त्या जिन्याकडे निघाले. पण जिना अरुंद, दादा अंगाने भरलेला, एकेक पायरी म्हणजे जीव जात होता. त्यांना थोडा वेळ हवा होता, एवढंच.

बायका गॅलरीत उभ्या राहिल्या. ज्यांचे हात चपळ त्यांनी तांबे, खलबत्ते, कोळसे भिरकावले. पहिला पोलीस डोक्यावर हात धरून पुढेच येत होता. त्याच्या लाठीने काकीच्या सुनेचं तोंड फुटलं, दात लादीवर पडलेला मी पाहिला. माझ्या हातात आधी पाटा आला, तो उचलेना. मग खाटेखाली गेले आणि गोळे दिसले. लहानाला हात लावलाच नाही. मोठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मधला काढला.

काकी ओरडली, "फेक गो!"

मी फेकला नाही. भिंतीला खेटून वाकले, कोपर ताठ ठेवलं, झोका दिला. गोळा सावकाश निघाला. पोलीस वर बघत होता, तांब्यांकडे. लादीवरून येणारं त्याला दिसलंच नाही. गोळा भिंतीकडून मधे वळला आणि त्याच्या घोट्यावर बसला. ओलं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. तो पडला, मागचे त्याच्यावर पडले आणि बायकांनी वरून जे मिळेल ते ओतलं. मागचे उठून जिन्याकडे हटले. तो एकटाच गॅलरीत राहिला. त्याचं पाऊल भलत्याच दिशेला वळलं होतं.

"आवशी गे," तो काकीच्याच बोलीत आईला हाक मारत कण्हला.

काकी थांबली. हातातला खलबत्ता तसाच धरून त्याच्याजवळ गेली. "खंयचो रे तू?"

"सावंतवाडीकडचो."

"आणि हंय आमच्या पोरांका मारूक इलंस मेल्या? तुझी आवस काय म्हणात?" असं म्हणत तिने खलबत्ता खाली ठेवला आणि लुगड्याचा काठ फाडून त्याचा पाय बांधायला बसली. शेजारी तिची सून तोंड धरून रक्त थुंकत होती. "पाय हालव नको," काकी त्याला म्हणाली, आणि सुनेला म्हणाली, "तू आत जा गो." तो दादाच्याच वयाचा होता. मिशी नीट फुटली नव्हती.

मी मागे पाहिलं. लोखंडी जिना रिकामा होता.

मग जास्त पोलीस आले, बरोबर त्यांचा साहेब. आमच्या खोलीत शिरून त्यांनी गादी फाडली, आईला केसांना धरून बाहेर काढली. "पोरगा कुठाय?" आई म्हणाली, कामावर. साहेबाने लादीवरून गोळा उचलला. "हा कुणी सोडला?" गोळ्यावरचं काळं लागून माझा उजवा तळवा काळा झाला होता. त्याने तो उलटून पाहिला, हात कठड्यावर धरायला लावला आणि लाठी घातली. नेमकी कोपरावर. पुढचं मला आठवत नाही.

परळच्या इस्पितळात जागी झाले तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. हसू येईल तुम्हाला, पण डॉक्टरांनी तो सरळ बसवला. लहानपणी जमलं नाही ते लाठीने जमवलं.

दादा वाचला. लालबागला मावशीकडे पडून होता, गोळी तिथेच एका ओळखीच्या डॉक्टरने काढली. पाय कायमचा आखडला, गिरणीत उभं राहायचं काम गेलं. पण तो होता.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. दादाने कुठूनशा बॉबिनी आणून मांडल्या. मधला गोळा पोलीस घेऊन गेले होते. उरलेले दोन त्याने माझ्यासमोर ठेवले. "आता तुझा हात सुटा झालाय. मोठा घे, पेलेल."

पेलला. गोळा सरळ गेला, उताराला त्याने जुमानलं नाही, आणि बॉबिनी फुटल्यासारख्या उडाल्या. लाकडावर लाकूड आपटलं, तो घोट्याचा आवाज पुन्हा ऐकू आला आणि मी दाराकडे वळले. मी म्हटलं, "तू खेळ, मला भाकऱ्या टाकायच्यात."

पुन्हा तशी वेळ आली असती तर मी पुन्हा सोडला असता, खोटं कशाला सांगू. दादा बॉबिनी उचलायला लंगडत निघाला तेव्हा मी दारातून त्याच्या पायाकडे बघत राहिले. आणि मनात आलं, त्या सावंतवाडीकडच्याचा पाय कुणी बसवला असेल, आणि सरळ बसला असेल की वाकडा.