आप्पांचा मंगळवार

बाळूचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होतो. "दादा, आप्पा गेलं," एवढंच बोलला आणि फोन चालूच राहिला. मागे बायकांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, कुणीतरी पाणी मागत होतं. शाळू काढायला गेलेले आप्पा रानात जरा बसतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. मी हातातला पेपर पुरा तपासला, गुणांची बेरीज केली आणि मगच उठलो. असं का केलं, मला अजून कळलेलं नाही. आता याला दीड महिना होईल. तेव्हापासून त्यांच्यावर लिहायला बसतो, चार ओळी होतात आणि उठून बाल्कनीत जातो. बायको म्हणते, बसा की जरा एका जागी... बसवत नाही.

आप्पा म्हणजे माझे चुलते, बाळूचे वडील. निपाणीपासून थोडं आत आमचं गाव, आणि आमच्या रानाचा मावळतीकडचा बांध संपला की महाराष्ट्र सुरू. वडील लवकर गेले, मला शिकवलं ते आप्पांनी, तंबाखूच्या पिकावर. बेळगावच्या कॉलेजात माझं नाव घालायला आले तेव्हा क्लार्कशी कानडीत बोलले, प्राध्यापकांशी मराठीत, आणि फॉर्मवर सही वाकडी झाली म्हणून माझ्यावरच डाफरले. मी सायन्स शिकलो, बेळगावातच हायस्कूलला लागलो आणि तेव्हापासून आप्पांनी सगळे निर्णय माझ्यावर सोपवून टाकले. खत कुठलं घालू, म्हैस का आटली, बोअर कुठं मारू... रोज फोन. सुरुवात ठरलेली: "मास्तर, सायन्स काय म्हणतंय?" बोअरला पाणी लागलं की श्रेय माझं, नाही लागलं तर दोष नशिबाचा. मला हे आवडायचं. खोटा विनय कशाला, फार आवडायचं.

मग कोरोना आला. ते पहिले दिवस आठवले की आधी हसू येतं आणि पाठोपाठ लाज वाटते. कुणालाही फोन लावा, आधी खोकल्याची टेप ऐका. आमच्या अपार्टमेंटमध्ये दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या जात होत्या. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर वर्तमानपत्राला इस्त्री फिरवून मगच वाचायचे. खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. त्यांच्यासाठी म्हणून आम्ही गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, आणि पंधरा दिवसांत त्यांनी लिफ्ट वापरू नये अशी चिठ्ठी दारावर चिकटवली. चिठ्ठीवर माझीही सही होती.

गावाकडची तऱ्हा वेगळी. कुणाच्या तरी मोबाईलवर आलं की कोरा चहा पिणाऱ्याला रोग शिवत नाही, तर दुपारपर्यंत दुकानातली चहापूड संपली. मग जाणत्यांनी ठरवलं, वार पाळायचे. आमच्याकडे माणसांवर किंवा जनावरांवर साथ आली की पाच मंगळवार पाळतात. त्या दिवशी औत जुंपायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, गावातल्यानं बाहेर जायचं नाही आणि बाहेरच्यानं शिवेच्या आत यायचं नाही. दिवस मावळला की वार सुटतो. पाचव्या मंगळवारी शिवेवर देवीला नैवेद्य दाखवला की साथ गेली. सरकारचा लॉकडाऊन म्हणजे हाच आपला वार, अशी गावानं सोयीस्कर समजूत करून घेतली. मंगळवारी रस्त्यावर आणि रानातल्या वाटांवर बाभळीचा काटा, चिटपाखरू फिरायचं नाही. बुधवारी सकाळी तोच काटा बाजूला सारून सगळे पारावर मांडीला मांडी लावून बसणार, एकाच चंचीतलं पान खाणार आणि कालचा वार कसा कडक झाला ते एकमेकांना सांगणार. वार सांभाळायचं काम आप्पांकडे होतं.

मी फोनवर त्यांना म्हणालो, "आप्पा, ह्यो रोग मंगळवार बघून येत न्हाय."

"मग सायन्स काय म्हणतंय?"

"रोज काटा लावा."

"रोज लावल्यावर रानात कोण जायाचं, तू?" म्हणाले आणि खो खो हसले. मीही हसलो.

चौथ्या मंगळवारी सुमन आली. सुमन आप्पांची मुलगी, बाळूची थोरली बहीण. दिलेली बांधापलीकडच्या गावात, चालत अर्ध्या तासाच्या वाटेवर, पण ते गाव महाराष्ट्रात आणि हायवेवर दोन्हीकडचे पोलीस. तिला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. सातव्यात आणायची ठरली होती आणि नेमकी तेव्हाच बंदी आली. शेवटी नवऱ्यानं रानातल्या वाटेनं मोटरसायकलवर आणून तिला बांधाजवळ सोडलं आणि पोलिसांच्या धास्तीनं तो लगेच माघारी गेला. कपड्यांची पिशवी घेऊन ती काट्यापाशी उभी राहिली. वार आहे हे तिच्या ध्यानातच नव्हतं. बुधवारी आली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

बघता बघता माणसं जमली. आदल्याच वाराला आप्पांनी एकाच्या मेव्हण्याला तिथूनच परत पाठवलं होतं. तो गावकरी पुढं झाला. "आमचा पावणा चालला न्हाय आणि तुमची पोरगी चालती व्हय, आप्पा?" तिच्या सासरगावात पुण्याहून कोण आलंय म्हणे, अशी पुडीही कुणीतरी सोडली. आप्पा माणसांतून बाजूला काट्यालगत गेले, खिशातून मोबाईल काढला आणि मला लावला.

"मास्तर, सुमी आलीया. काट्यापाशी उभी हाय. आज वार हाय आणि माणसं बोलायलीत, तिच्या गावात पुण्याचं कोण आलंय म्हणून. काय करू? सायन्स काय म्हणतंय?"

ज्या वाराची मी थट्टा करत होतो, त्याच वाराच्या आड मी दडलो. म्हणालो, "आप्पा, नियम तो नियम. तिच्या गावात पुण्याचं कोणीतरी आलं आहे म्हणता, तुमचं वय झालेलं, काकींना दमा. चौदा दिवस तिला सासरीच राहू द्या." आवाज वर्गातला, भाषा पुस्तकातली. खरं सांगायचं तर मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी घाबरलेला होतो, इतका की स्वतःच्या घरातल्या दाराची कडीही कोपरानं लावत होतो. आप्पा "बरं" म्हणाले.

पुढचं बाळूनं सांगितलं. आप्पांनी पाण्याचा तांब्या काठीनं ढकलत काट्याखालून पलीकडं सरकवला. सुमन पलीकडं कडुलिंबाखाली बसली, आप्पा अलीकडं उन्हात. आदल्या दिवशीची भाकरी फडक्यात होती, त्याची गाठ त्यांनी सोडली नाही. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. दिवस मावळला की वार सुटणार आणि मग हिला घरी नेणार, एवढंच आप्पांच्या मनात होतं, असं बाळू म्हणतो. पण दुपारी निरोप कळून तिचा नवरा आला आणि तिला घेऊन गेला. तांब्या भरलेलाच होता.

मुलगी झाली, तिकडच्या दवाखान्यात, दोघी सुखरूप. सुमन मात्र माहेरी आली नाही. पंचमीला नाही, दिवाळीला नाही. बाळूच्या लग्नाला तिचा नवरा एकटा आला आणि अक्षता टाकून गेला. पुढच्या वर्षी साथीनं खरोखरच माणसं नेली, तेव्हा वार पाळायची कुणाला आठवणही झाली नाही. काकी मात्र उठता-बसता आप्पांना बोलायच्या, "पोटच्या पोरीला उनात बसीवलं या माणसानं." एका पंचमीला मी तिथंच जेवत होतो. आप्पांनी ताटातून मान वर न करता म्हटलं, "व्हय, मीच बसीवलं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला एकच वाक्य बोलायचं होतं... काकी, त्यांना मी सांगितलं होतं. मी आमटी भुरकत राहिलो. या जागेपर्यंत लिहून मी आजवर किती वेळा उठलोय, त्याला गणती नाही.

आणखी एक. फोन येत राहिले, म्हशीचे, पावसाचे, ऊसतोडीचे. पण 'सायन्स काय म्हणतंय' बंद झालं होतं. आप्पा विचारत नसत, फक्त सांगत. मी म्हटलं, वय झालं.

आप्पांच्या मातीला सुमन आली. बाराव्याचं जेवण उरकल्यावर परसात एकटी भांडी घासत होती, तिथं मी तिला गाठलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. "सुमे, त्या दिवशी आप्पास्नी मी सांगिटलंतं. आत घिऊ नका म्हणून. त्यांचा दोष न्हवता."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. हात थांबला नाही. "आप्पाला ऐकू कमी यायचं. फोन कायम मोठ्या आवाजावर असायचा. मी काट्याच्या पल्याड हुते, समदं ऐकलं."

मी गारच पडलो. "मग माझ्यावर रुसायचं. त्यांच्यावर का रुसलीस?"

"तुझ्यावर कशाला रुसू? तू बेळगावात बसलेला, तुला काय दिसत हुतं?" तिनं हातातलं पातेलं पालथं घातलं. "मी समोर उभी, पोटावर हात ठिवून. आणि माझ्या बापानं फोन करून दुसऱ्याला इचारलं, हिला आत घिऊ का म्हणून. तेवढंच मनातनं गेलं न्हाय रं दादा. न्हाय म्हणाला असता तरी चाललं असतं. पर आपल्या मनानं म्हणायचं." मग तिला रडू कोसळलं. "आणि आता कुणावर रुसू मी?"

आप्पांना ते कळलं होतं का? त्यांनी मला विचारणं सोडलं ते म्हणूनच का? हे आता मी कुणाला विचारणार...

दुसऱ्या दिवशी सुमन मुलीला घेऊन निघाली, रानातल्या वाटेनं. बाळू आणि मी बांधापर्यंत गेलो. तिथल्या वाटेवर काटा नव्हता. त्या मंगळवारी संध्याकाळी आप्पांनी तो हातानं ओढून काढला होता आणि नंतर वारासाठी काय, शेळ्यांसाठीही कुणाला लावू दिला नाही, असं बाळूनं तेव्हा सांगितलं. पलीकडच्या शेळ्या आत येतात, पीक खातात, आप्पा स्वतः राखणीला बसायचे पण जागा बंद करायचे नाहीत. सुमन त्या मोकळ्या जागेतून पलीकडं गेली आणि चालू लागली.

"दादा, शेळ्या लई नुसकान करत्यात," बाळू म्हणाला. "आता तरी काटा लावू का? तुला काय वाटतंय?"

उत्तर तोंडात तयार होतं, सवयीनं.

"मला नको इचारू," मी म्हणालो. "ती अजून हाकेवर हाय. सुमीला इचार."

बाळूनं हाक मारली. सुमन थांबली, मुलीचा हात धरून माघारी फिरली आणि बांध ओलांडून आत आली.