धूर न निघालेली गोळी

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या श्रीराम आगाशेंना जुन्या रायफलींचं वेड. सोमवार ते शुक्रवार सनीव्हेलच्या ऑफिसात चिप तपासायच्या आणि शनिवारी गॅरेजचं दार ओढून एकेक काडतूस हातानं भरायचं. रायफली दोन. एक एकशे चाळीस वर्षांची म्हातारी. तिला फक्त काळी दारू सोसते; काडतूस गच्च भरायचं, धूर चिक्कार, जोर बेताचा. दुसरी नव्या पोलादाची. तिच्या काडतुसात बिनधुराची दारू. थोडीच घालायची, पण जोर दांडगा. काडतुसं बाहेरून अगदी जुळी, बसतातही दोन्हींत. बिनधुराचं चुकून म्हातारीत गेलं, तर मागची झडप फुटून झाडणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकते. म्हणून दोन वेगळे डबे, आणि घरात कुणी त्यांना हात लावायचा नाही. लावला की आगाशे सगळं घर डोक्यावर घेत.

त्या दिवशी मुलगी अनया बरोबर आली होती. ओकलंडला नर्स, तिशीची, बापाबरोबर नेमबाजीच्या रेंजवर पहिल्यांदाच. आगाशे नुसते फुलले होते. म्हातारी आणि तिचा डबा एवढंच घेऊन निघाले. पहिली गोळी त्यांनी झाडली. पांढऱ्या धुराचा लोट उठला, सडक्या अंड्यांचा वास आला, अनया खोकत हसली.

मग ती बसली. तिची गोळी सुटली ती कडाड करत.

"बाबा, सी? नो स्मोक! किती क्लीन!" म्हणत तिनं दुसरं काडतूस आत सारलं, काडतुसावर आपटणारा घोडा मागे ओढला आणि गाल लाकडाला टेकवला.

धूर नाही! आगाशे चमकून पुढे सरकले. काळ्या दारूला धूर नाही, असं होतच नाही. "अनया, थांब!" ते ओरडले, पण तिच्या कानांवर आवाज अडवणारे जाड मफ. तिला हिसका द्यावा, तर बोट चापावर. विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी घोड्यापुढे आपला अंगठा घातला, आणि त्याच क्षणी घोडा पडला.

अंगठा फुटला. गोळी सुटली नाही.

काडतूस बाहेर काढून त्यांनी कानाशी हलवलं. आत दारू खुळखुळत होती. गच्च भरलेलं काडतूस खुळखुळत नाही. त्यांनी डब्यातली आणखी चार हलवली. दोन मुकी, दोन वाजणारी.

अनया अंगठ्याला पट्टी बांधत असताना त्यांनी दुसऱ्या हातानं बायकोला फोन लावला, स्पीकरवर.

"सरला, गॅरेजमधल्या डब्यांना हात लावलास?"

"अहो, दोन्ही अर्धेअर्धे होते. मी एकात केले. लाडवांना डबा हवा होता."

"कधी?"

"मंगळवारी. शेजारच्या अबोलीनं नंतर सांगितलं, काका ते वेगळे ठेवतात म्हणून."

"मग मला सांगायचं नाही? आज अनया..." त्यांचा आवाज चढला.

"रोज सांगणार होते हो," सरलाबाई रडवेल्या झाल्या. "पण तुम्ही किती ओरडता."

आगाशेंनी तोंड उघडलं. अनयानं पट्टीची गाठ मारली, पण त्यांचा हात सोडला नाही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आय वुडन्ट हॅव टोल्ड यू आयदर. मीपण नसतं सांगितलं."