वेंडेल हाव्लिकचं तोंड

वेंडेल हाव्लिकला मी किती वेळा मारलं याची गणती नाही. माझं काम मेकअपचं. गोळीची भोकं, सुऱ्याचे वार, जळालेले कान, सगळं माझ्याच पेटीतून त्याच्या अंगावर जायचं. त्याच्या वजनानं खुर्ची कुरकुरली की तो खुर्चीची माफी मागायचा. असला गुंड अख्ख्या हॉलिवूडमध्ये दुसरा नव्हता.

मूळचा तो नेब्रास्काचा, मक्याच्या शेतांतला. कॉलेजच्या फुटबॉल संघात आघाडीच्या फळीत होता. आमच्या फुटबॉलात लाथेपेक्षा धडकेचं काम जास्त, आणि या फळीतल्या गड्यांच्या हाती चेंडू कधी येत नाही. त्यांनी समोरच्याला अडवायचं. टाळ्या मागून पळणाऱ्याला. पुढं गुडघ्यानं दगा दिला म्हणून वेंडेल पोट भरायला लॉस एंजेलिसला आला. त्याचं धूड बघून कुणीतरी त्याला खिडकीतून बाहेर फेकलं आणि चित्रीकरण करून घेतलं. झाला नट.

इथंही नशीब तेच. ठोसा मारणाऱ्या नायकाचं तोंड कॅमेऱ्याकडे, म्हणजे खाणाऱ्याची पाठच. तिकडं त्याची आई अल्विना दर वेळी शेजारणी जमवून टीव्हीसमोर बसायची आणि मग फोनवर सांगायची, "दिसलास हो. पाठ तुझीच होती." माउलीला लेकाची पाठ अगदी पाठ झाली होती.

वेंडेलला याचं फार वाटायचं. "रोझेला," तो मला म्हणायचा, "आई थकलीय गं. एकदा माझं तोंड दिसू दे तिला. मेलेलं दिसलं तरी चालेल."

"मेलेलं नको. मेल्यावर तू डोळे मिचकावतोस."

आणि एकदाचं घोडं गंगेत न्हालं. एका विनोदी मालिकेत त्याला बटलरचं काम मिळालं. काळा शेपटीवाला कोट, तोंड थेट कॅमेऱ्याकडे, आणि चक्क एक वाक्य: "बाईसाहेब, गाडी आली आहे." पठ्ठ्यानं ते येईल जाईल त्याला म्हणून दाखवलं. कँटीनवाली वैतागून म्हणाली, "आली असेल तर बस तिच्यात आणि जा बाबा." अल्विनानं तर गावच्या चर्चच्या हॉलमध्ये टीव्ही नेऊन ठेवायचं ठरवलं. बायका घरून खसखशीचे गोड पाव करून आणणार होत्या.

चित्रीकरणाचा दिवस उजाडला. दिवे लागले, कॅमेरा फिरू लागला. आमच्याकडे कॅमेरामन तयार झाला की "सेट!" म्हणून ओरडतो, आणि मग दिग्दर्शक "ॲक्शन" म्हणतो.

"सेट!"

वेंडेल खाली. पाय फाकलेले, एक हात गालिच्यावर टेकलेला, मान वर, नजर समोर. पाठीमागं कोटाची शिवण टर्रकन उसवली.

"ॲक्शन!" दिग्दर्शक लेस्टर ओरडला. वेंडेल ढिम्म.

"काय रे, काही पडलंय का खाली?"

"नाही साहेब. कॅमेरामन 'सेट' म्हणाला."

"मग?"

"मग 'हट' म्हणेपर्यंत हलायचं नसतं."

लेस्टर सोडून सगळे खो खो हसले. फुटबॉलात "सेट" म्हटलं की या फळीनं वाकायचं आणि "हट" म्हणेपर्यंत पापणी हलवायची नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी कोट टाचून दिला. पुन्हा "सेट", पुन्हा वेंडेल गालिच्यावर. तोंडानं "सॉरी, सॉरी" चाललेलं आणि हात जमिनीला चिकटलेला. शेवटी लेस्टरनं ते वाक्य ड्रायव्हरच्या तोंडी दिलं आणि वेंडेलला घरी पाठवलं. मला लेस्टरचा असा राग आला की दुसऱ्या दिवशी मी त्याला साधी मानही हलवली नाही.

पण खरा घोटाळा पुढंच होता. संकलन करणाऱ्यांना हसू आवरेना, आणि त्यांनी वेंडेलचं ते वाकणं मालिकेत तसंच ठेवलं. त्याला हे कळलं ते कार्यक्रमाच्या संध्याकाळी. पडेल चेहऱ्यानं तो माझ्याकडे आला.

"आईला सांगतो, टीव्ही बंद कर. सगळं गाव हसेल तिला."

"नेब्रास्काचं घड्याळ आपल्या पुढं, कार्यक्रम तिकडं आधीच लागतो. आत्तापर्यंत हसूनही झालं असेल."

तेवढ्यात फोन वाजला. अल्विनाच; घरी सापडला नाही की ती लेकाला माझ्याकडेच शोधायची. मी निर्लज्जपणे कान लावला. मागं हॉलमध्ये बायकांचा कलकलाट चालला होता.

"वेंडेल, तू ते खाली वाकलास ना..."

"चुकलं आई. मला वाक्य होतं गं, खरंच होतं, पण..."

"गप बस. ऐक माझं. कॉलेजात तू असा हात टेकून वाकलास, की तुझं तोंड त्या हेल्मेटात आणि तेही समोरच्या दांडगटांकडे. मला दिसायची नुसती पाठ. दर सामन्याला वाटायचं, पोरगं आत्ता भ्यायलं असेल का? विचारायचा धीर नाही झाला कधी."

वेंडेल खुर्चीवरून उठला.

"आज तुझं तोंड बघितलं मी. नव्हतास रे भ्यायलेला."

एवढा मोठा गडी, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभा होता.

"भ्यायचो, आई," तो म्हणाला. "दर वेळी."

"असू दे," अल्विना म्हणाली. "दिसत नाही."