चेंडू पेती राफ्रेला जायचा

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात एक रिवाज होता. जिंकलेल्या सामन्यात ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याने चेंडू घरी न्यायचा आणि पुसूनबिसून सोमवारी परत आणायचा. त्या वर्षी आम्ही एकही सामना हरलो नाही, आणि चेंडू दर शनिवारी पोर्ट लुईहून बसने पेती राफ्रे गावी, संघातल्या एकाच मुलाच्या घरी गेला. मीही त्याच बसने जायचो.

मांडीवर रुमाल पसरून त्यावर तो चेंडू ठेवायचा, प्रसादाचं ताट धरावं तसा. प्रत्येक वाक्याआधी क्रेओलमधलं ‘बोन’, म्हणजे ‘बरं’, म्हणायचा, जणू सगळं आधीच ठरलंय. मला त्या ‘बोन’चाही राग यायचा.

अंतिम सामन्यात आम्हा दोघांचे गुण सारखे झाले. शेवटच्या क्षणी तो बास्केटखाली मोकळा उभा होता. तरी त्याने चेंडू माझ्याकडे दिला. मी टाकला आणि आम्ही जिंकलो.

बसमध्ये त्याने आपला रुमाल माझ्या मांडीवर पसरला. “बोन, ठेव आता. बेलबॉटम खराब होईल.”

घरी आईने चेंडूला कुंकू लावलं, शेजाऱ्यांना बोलावून दाखवला.

तो शेवटचा चेंडू त्याने स्वतःच टाकला असता, तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.